हिशोब मागायला जाताना: थकलेला पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी यांत कोणतं काम आधी, कोणतं नंतर

महापे आणि पावण्याच्या कंपन्यांत मी एकोणीस वर्षं टाइम ऑफिस सांभाळलं. मस्टर, पंचिंग, पगारपत्रक, शेवटचा हिशोब. म्हणजे टेबलाच्या पलीकडे, कंपनीच्या बाजूला. आता संध्याकाळी ओळखीपाळखीचे लोक प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी येतात. बहुतेकांची बाजू खरी असते, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी साहेबाशी भांडण, मग रागात सही, मग पंधरा दिवस घरी बसणं आणि शेवटी कागदांची शोधाशोध. तोवर पंचिंग कार्ड बंद, कंपनीचा ईमेल बंद आणि व्हॉट्सॲप ग्रुपमधून नाव काढलेलं.

खालचा क्रम टीटीसी एमआयडीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत), ठाण्याची वागळे इस्टेट किंवा आसपासच्या खासगी कारखान्यात, गोदामात, ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी आहे. टप्पे जमेल तसे मागेपुढे करू नका.

## टप्पा १: आपला मालक नेमका कोण, ते शोधा

हसू नका. कितीतरी जणांना गेटवरच्या पाटीवरचं नाव माहीत असतं, पगार कुठल्या नावानं येतो ते माहीत नसतं. बँकेच्या पासबुकात पगार जमा करणाऱ्याचं नाव बघा. पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव बघा. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावरही ते असतं. तिन्ही जुळली तर उत्तम. जुळली नाहीत तर तिन्ही लिहून ठेवा, कारण अर्जात ती तिन्ही लागतात.

ठेकेदाराकडे असाल तर ठेकेदार आणि ज्या कंपनीत प्रत्यक्ष काम करता ती मूळ कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पीएफचंही तसंच. एकट्या ठेकेदाराविरुद्ध अर्ज केला की तो फोन बंद करून मोकळा होतो.

आमच्याकडे एक पद्धत होती, अजूनही आहे: अकरा महिने झाले की ठेकेदाराचं नाव बदलायचं. माणूस तोच, मशीन तेच, कॅन्टीनचं कूपनही तेच, पण कागदावर नोकरी नवी. कामगाराला हे कळायचं ते पीएफचा नंबर बदलला की. म्हणून जुन्या नावाचं पासबुक फेकू नका. एकाच जागी सलग काम केल्याचा तोच सगळ्यात भक्कम पुरावा असतो, कारण तो सरकारी नोंदीत असतो आणि ठेकेदाराला मागे जाऊन खोडता येत नाही.

तपासा: तुमच्या नावावर दोन-तीन यूएएन (पीएफचे कायमचे नंबर) आहेत का? असतील तर आताच एकत्र करून घ्या. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव एका अक्षरानंही वेगळं असेल, तर तेही नोकरीत असतानाच दुरुस्त करा. नोकरी सुटल्यावर कंपनीची मंजुरी लागली तर ती मिळवणं म्हणजे चपला झिजवणं.

## टप्पा २: गेटच्या आत असतानाच कागद गोळा करा

हे काम शांतपणे, कुणाला न सांगता आणि वाद सुरू होण्याआधी करायचं. लागतील ते कागद:

- नेमणूक पत्र किंवा ठेकेदाराचं कसलंही पत्र
- पगाराच्या स्लिपा, मिळतील तेवढ्या
- बँकेचं स्टेटमेंट, कामाला लागल्यापासूनचं
- ओळखपत्र आणि गेटपास, पुढची-मागची बाजू
- हजेरीचा कुठलाही पुरावा: ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, शिफ्टचा तक्ता, सुपरवायझरचे मेसेज
- रजेचे अर्ज आणि मेमो मिळाला असेल तर तो

ओव्हरटाइमच्या आणि पंचिंगच्या चिठ्ठ्या बहुधा थर्मल कागदावर येतात. पाकिटात ठेवल्या तर पावसाळ्यापर्यंत कोऱ्या होतात. तुर्भे स्टोअरच्या एका वहिनींनी तीन वर्षांच्या चिठ्ठ्या साडीच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या. माझ्यासमोर खोकं उघडलं तर दोनशे पांढरे कागद, कशावर एखादा फिकट आकडा. त्यांची मागणी निम्म्यावर आली. चिठ्ठी हातात आली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा आणि तो स्वतःच्या ईमेलवर पाठवा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्युटी लागत असेल तर पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट कापलेले वाटतात, समोरचा वकील लगेच शंका काढतो.

सावधान: कंपनीच्या फायली, ग्राहकांची यादी, दुसऱ्याच्या पगाराची पत्रकं उचलू नका. त्यावरून चोरीचा आरोप येतो आणि मूळ मागणी बाजूला पडते. फक्त स्वतःचे कागद घ्यायचे.

## टप्पा ३: आकडा स्वतः काढा

“माझे पैसे द्या” या वाक्याला कुणी उत्तर देत नाही. आकडा लिहिला की द्यावं लागतं. एक पान घ्या, डाव्या बाजूला मागणी, उजवीकडे रक्कम.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना वर्षांच्या हिशोबानं मिळणारी एकरकमी रक्कम. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क लागतो. राजीनामा दिला तरी लागतो. “तू स्वतः सोडलीस, मग कसली ग्रॅच्युइटी” हे निव्वळ घाबरवणं आहे. शेवटचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) घ्या, २६ नं भागा, १५ नं गुणा, वर्षांनी गुणा. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात.

समजा बेसिक-डीए १४,३०० आणि नोकरी ७ वर्षं ८ महिने. १४,३०० भागिले २६ म्हणजे ५५०. गुणिले १५ म्हणजे ८,२५०. गुणिले ८ वर्षं, झाले ६६,०००. आता फसवणूक कुठं होते बघा. २६ ऐवजी ३० नं भागलं की ५७,२०० येतात. आठ हजार आठशे रुपये गेले आणि कागद मात्र नीट दिसतो. आठ महिने सोडून सातच वर्षं धरली तर वेगळेच गेले. मी असे हिशोब टाइप केले आहेत, म्हणून सांगतो: भागाकार आधी बघा.

चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले असतील तरी अर्ज टाका. मद्रास हायकोर्टानं असा हक्क मान्य केला आहे. सगळीकडे मान्य होईलच असं नाही, पण न मागता तर नक्कीच मिळणार नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या; वेतन संहिता त्यातलीच एक. त्यातल्या दोन गोष्टी इथे कामाच्या. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. आणि भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेला तर वरचा भाग पगारात धरायचा. म्हणजे पगार ३०,००० आणि बेसिक ९,००० दाखवलं असेल, तर ९,००० वर हिशोब मुकाट्यानं घेऊ नका.

पीएफ. तुमच्या पगारातून १२ टक्के आणि कंपनीचे १२ टक्के. कंपनीच्या १२ मधले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात, उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. १५,००० वर हिशोब असेल तर पासबुकात १,८००, ५५० आणि १,२५० असे तीन आकडे दरमहा दिसायला हवेत. मागच्या महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात जागा रिकामी आहे, असे महिने वेगळे लिहून काढा. कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, म्हणून ही यादी कंपनीला सगळ्यात जास्त टोचते.

ईएसआय. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के. कपात होते पण कार्डच दिलेलं नाही, ही तक्रार मी फार ऐकतो. नंबर मागून घ्या आणि वाशीच्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कामगार विमा रुग्णालयात जाऊन कार्ड चालतं का ते बघा. आजारी पडायची वाट बघू नका.

ओव्हरटाइम. दर दुप्पट. पगार १५,६०० असेल तर २६ दिवसांनी दिवसाचे ६०० आणि आठ तासांनी तासाचे ७५. जादा तासाचे १५०. महिन्यात ४० तास केले आणि ३,००० मिळाले, तर ३,००० बाकी आहेत.

बोनस, रजा, नोटीस. किमान बोनस ८.३३ टक्के, वर्षात ३० दिवस काम केलेला माणूस दिवाळीआधी सोडून गेला तरी त्या वर्षापुरता त्याचा हक्क राहतो. साठलेल्या हक्काच्या रजांचे पैसे मागा. आणि कंपनीनं कामगार कपात म्हणून काढलं असेल, नोकरी वर्षभराची असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. हा ग्रॅच्युइटीच्या व्यतिरिक्त. राजीनामा लिहून दिलात की ही ओळ खोडली जाते. कंपनी राजीनाम्याचा हट्ट का धरते, ते आता कळलं असेल.

## टप्पा ४: लेखी मागा, एकाच पानात

फोन, मेसेज, “साहेबांना भेटून सांगितलं” हे सगळं कोर्टात हवेत उडतं. पत्र मराठीत चालतं. कायद्याची कलमं लिहायची गरज नाही; उलट जुन्या कायद्याचं कलम टाकलं की वाद कलमावर जातो. तारखा आणि रकमा लिहा. नमुना असा:

> मी ३ जून २०१८ पासून आपल्या पावणे येथील कारखान्यात पॅकिंग विभागात काम करत आहे. पगार ठेकेदारामार्फत मिळतो. डिसेंबर आणि जानेवारीचा पगार मिळालेला नाही. पीएफची कपात झालेली असून सोबतच्या यादीतील पाच महिन्यांचा भरणा पासबुकात दिसत नाही. एकूण मागणी सोबतच्या तक्त्याप्रमाणे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम माझ्या बँक खात्यात जमा करावी.

खाली नाव, पत्ता, सही, तारीख. “शोषण”, “हुकूमशाही”, “पाहून घेईन” यांतलं काही नको. मी टाइम ऑफिसात असताना रागानं भरलेलं पत्र आलं की साहेब हसून बाजूला ठेवायचे. तक्ता जोडलेलं पत्र आलं की वकिलाला फोन जायचा.

पत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. घेत नाहीत? नेहमीचंच आहे. पोस्टानं पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट मागा आणि पोच मिळाल्याचा पुरावा हवा असं सांगा. पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा. तेच पत्र ईमेलनंही पाठवा, पण स्वतःच्या ईमेलवरून.

चार-पाच जणांची तक्रार सारखी असेल तर एकत्र सह्या करा, पण प्रत्येकाचा तक्ता वेगळा जोडा. आणि युनियन असेल तर तिच्यामार्फत जा. एकट्याच्या पत्राला जे दोन महिने लागतात ते युनियनच्या पत्राला दोन आठवड्यांत होताना मी पाहिलं आहे.

## टप्पा ५: “उद्यापासून येऊ नको” म्हटलं तर

इथं सगळ्यात जास्त लोक हरतात, म्हणून जरा थांबून वाचा.

दिघ्याचा एक ऑपरेटर. शनिवारी संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला, “दादा, सोमवारपासून येऊ नका, वरून सांगितलंय.” कागद काहीच नाही. सोमवारी तो गेटवर गेला, वॉचमन म्हणाला कार्ड बंद आहे. तो परत फिरला आणि बोलावणं येईल म्हणून घरी बसला. आत काय होत होतं ते मला माहीत आहे, कारण अशा वेळी मस्टर मीच भरायचो. त्याच्या नावापुढे रोज लाल शाईनं ‘ए’. असे दहा लाल ‘ए’ झाले की पत्र टाइप व्हायचं: आपण विनापरवानगी गैरहजर आहात, आपणास काम करण्याची इच्छा नाही असे समजण्यात येईल. काढलेला माणूस कागदावर पळून गेलेला माणूस होतो.

त्यामुळे:

१. ज्या दिवशी गेटवर अडवलं त्याच दिवशी लिहा. “आज अमुक तारखेला सकाळी पहिल्या पाळीसाठी मी गेटवर हजर होतो. मला आत सोडलं नाही. मी कामावर येण्यास तयार आहे.” ईमेल लगेच, स्पीड पोस्ट त्याच दिवशी.

२. पुढचे दोन-तीन दिवसही पाळीच्या वेळी जा. रिक्षाचं भाडं जाईल, जाऊ दे. गेटवरून घरच्यांना लोकेशन पाठवा. सोबतच्या कुणाला साक्षीदार करता आलं तर नाव लिहून ठेवा.

३. वॉचमनशी भांडू नका. तो तुमच्यासारखाच ठेकेदाराचा माणूस आहे. शिवीगाळ झाली तर तिचं फुटेज मात्र कंपनी जपून ठेवते.

४. कंपनीचं गैरहजेरीचं पत्र आलं तर घ्या. पोस्टमनला परत पाठवू नका. परत गेलेलं पाकीट कंपनीच्या कामी येतं. दोन दिवसांत उत्तर द्या.

तपासा: नोकरी संपली तर वेतन संहितेनुसार थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. “हेड ऑफिसहून मंजुरी आली की बघू” याला कायद्यात जागा नाही.

## टप्पा ६: सही करण्याआधी

हिशोबाचा कागद समोर येतो तेव्हा त्यावर रकमेच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं: मला माझी सर्व देणी मिळाली, यापुढे माझी कोणतीही तक्रार नाही. वर रेव्हेन्यू स्टॅम्प, शेजारी चेक ठेवलेला आणि घरी मुलाची फी थकलेली. अशा वेळी माणूस वाचत नाही.

कोऱ्या व्हाउचरवर, कोऱ्या राजीनाम्यावर, मागची तारीख टाकलेल्या कागदावर सही करायची नाही. वाचायला एक दिवस मागा. पैशांची फारच निकड असेल तर रक्कम घ्या, पण सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: “हरकत राखून रक्कम स्वीकारली” आणि तारीख. नंतर लगेच कागदाचा फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर बाहेर येऊन त्याच मिनिटाला काय घडलं ते ईमेलवर लिहा.

“राजीनामा दे, नाहीतर अनुभवाचं पत्र मिळणार नाही” हा सौदा फसवा आहे. त्या पत्रासाठी लोकांनी लाखाची भरपाई सोडलेली मी बघितली आहे.

## टप्पा ७: कुठल्या ऑफिसात काय द्यायचं

एकच अर्ज सगळीकडे फिरवू नका. विषय वेगळे, दारं वेगळी.

थकलेला पगार, ओव्हरटाइम, बोनस, कामावरून काढणं: राज्याचं कामगार आयुक्तालय, म्हणजे आपलं लेबर ऑफिस. ऐरोलीपासून नेरुळपर्यंतची टीटीसी एमआयडीसी ठाणे जिल्ह्यात येते. तळोजा मात्र पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. तळोज्याची माणसं ठाण्याला खेटे घालतात आणि महिन्यानं कळतं की हद्द आपली नाही.

बंदर, बँक, रेल्वे इथल्या ठेक्यावर असाल तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे. एपीएमसीतल्या (वाशीच्या बाजार समितीतल्या) माथाडींनी माथाडी मंडळात, सुरक्षा रक्षक मंडळाच्या रक्षकांनी आपल्या मंडळात.

पीएफ: ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून, किंवा ठाणे-वाशीच्या ऑफिसात. न भरलेल्या महिन्यांची यादी आणि त्या महिन्यांच्या स्लिपा जोडा. लेबर ऑफिसात पीएफची तक्रार दिली तर ते ऐकून घेतात आणि परत पाठवतात.

ग्रॅच्युइटी: आधी कंपनीकडे लेखी अर्ज, नाही मिळाली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे. अर्ज कुठं घ्यायचा ते लेबर ऑफिसच्या खिडकीवर विचारून पक्कं करा.

ऐरोली-महाप्यातल्या आयटी कंपन्यांतली मुलं म्हणतात, “काका, आम्ही मॅनेजर, आमचं लेबर ऑफिसात काय काम?” काढून टाकल्याच्या वादात हुद्द्याचा प्रश्न येतो, हे खरं. पण पगार आणि ग्रॅच्युइटी मॅनेजरलाही लागू आहे.

मुदत सांभाळा. पगाराच्या दाव्याला वेतन संहितेत तीन वर्षं आहेत, पण कामावरून काढल्याची तक्रार दोन वर्षांच्या आत, आणि खरं सांगायचं तर दोन महिन्यांच्या आत करा. साक्षीदार नोकऱ्या बदलतात.

तपासा: अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का आहे का? नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

## टप्पा ८: तारखेला बसताना

लेबर ऑफिसात समेटासाठी दोघांना बोलावतात. कंपनीकडून बहुतेक वेळा सल्लागार येतो, पहिल्या तारखेला “सूचना घेऊन सांगतो” म्हणतो, दुसऱ्या तारखेला येतच नाही. वैतागून तुम्हीही जायचं बंद केलं की अर्ज निकाली निघतो. म्हणून प्रत्येक तारखेला जा, हजेरी लिहून घेतली का ते बघा. काढून टाकल्याच्या प्रकरणात ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर पुढे थेट न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते; अधिकाऱ्याच्या अहवालाची वर्षभर वाट बघायची गरज नाही.

तडजोडीचा आकडा आला तर टप्पा ३ चं पान समोर ठेवा. कुठली ओळ सोडता आहात ते कळून सोडा. ग्रॅच्युइटी आणि पीएफ यांवर घासाघीस करायची नाही, ते तुमचेच पैसे आहेत. नोटीस आणि भरपाईच्या आकड्यात थोडं इकडेतिकडे चालतं. करार अधिकाऱ्यासमोर, रकमेची फोड लिहून आणि पैसे खात्यात जमा होण्याची तारीख टाकून. पुढच्या तारखेचा चेक घ्यायचाच झाला तर तो वटेपर्यंत तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही नको.

पैसे आल्यावर एक काम उरतं आणि ते जवळजवळ सगळे विसरतात. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकलेली नसते, आणि ती नसली की पैसे पुढे सरकत नाहीत. शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख पोर्टलवर तुम्हालाच टाकता येते. टाका, आणि मिळालेल्या पानाची प्रत त्याच पिशवीत ठेवा. पेन्शनची १० वर्षं भरायला थोडीच कमी असतील तर रक्कम काढून घेण्याऐवजी नव्या नोकरीत खातं पुढे न्या.